कोऱ्या टेपचा डबा

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक नमस्कार करायच्या आधी एकच गोष्ट सांगायचं, "चित्र अडकते." कोणी मशीन रिक्षातून आणायचं, कोणी सायकलच्या कॅरिअरला बांधून, कोणी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, तक्रार मात्र तीच. वीसएक वर्षं मी ती ऐकली आणि त्यातली बहुतेक चित्रं चालती करून दिली. हे मी बढाई म्हणूनच सांगतोय. पण ज्या एका कामात माझा हात चुकला, ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आता दुकान बंद केलंय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

दुकान सीताबर्डीच्या एका बोळात, माडीवर. दोन खिडक्या, दोन्हींना काळं कापड ठोकलेलं, कारण भिंतीवर चित्र पाहायचं तर दिवसाही अंधार लागतो. अशा जागी गप्पा मारायला कोण बसणार? लोक मशीन ठेवायचे, दाराशी उभ्याउभ्या बोलायचे आणि उजेडात निघून जायचे. मी स्लाइड प्रोजेक्टर आणि त्याच्यासोबत चालणारे टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे जमलं नाही, आणि नंतर जमवायचं राहून गेलं.

घरोघर व्हिडिओ आल्यापासून स्लाइड म्हणजे काय हेही समजावून सांगावं लागतं. रंगीत फिल्म धुतली की तिचे टपालाच्या तिकिटाएवढे तुकडे कापायचे आणि एकेक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचा. ही झाली स्लाइड. अशा छत्तीस स्लाइडी एका लांबट ट्रेच्या खाचांत उभ्या लावायच्या. प्रोजेक्टरची दांडी ओढून ढकलली की दिव्यासमोरची स्लाइड मागे जाते आणि पुढची येते. सोबत टेपवर कोणीतरी चित्रांची माहिती सांगत असतो. त्यात मधूनमधून 'टिंग' असा आवाज येतो. तो आला की दांडी ओढायची. यात बिघडण्यासारखं काय आहे असं वाटेल. पण आपल्या नागपुरात मे महिन्यात पुठ्ठा वाकतो, जुलैत फुगतो आणि उरलेलं वर्ष धूळ खातो. वाकलेली चौकट खाचेत रुतते, दांडी धरलेला माणूस जोर लावतो, पुठ्ठ्याचा कोपरा दुमडतो. टेपवरचे गृहस्थ ताजमहालाच्या संगमरवरापर्यंत पोचलेले असतात आणि भिंतीवर अजून आग्र्याचं स्टेशन असतं.

गांधीबागेतल्या एका कापडाच्या शेठजींनी साड्यांच्या स्लाइडी करून घेतल्या होत्या. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना गाठोडी सोडून दाखवण्यापेक्षा भिंतीवर दाखवायच्या, अशी त्यांची कल्पना. त्यांची आठवी साडी अडकायची. तीनदा मशीन माझ्याकडे आलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे लोण्यासारखं चाललं. शेवटी मी पेढीवर जाऊन बसलो. शेठजी पान लावता लावता त्याच बोटांनी आठवी स्लाइड उपसून उजेडाकडे धरत होते आणि व्यापाऱ्याला पदर दाखवत होते. चौकटीवर काथ्याचा थर बसला होता. मी म्हटलं, "शेठजी, काथा लागून राहिला." ते म्हणाले, "तो क्या करूँ भाई? माल भी तो यही बिक रहा है." मी त्यांना आठव्या साडीच्या चार प्रती करून घ्या असं सांगितलं आणि निघालो.

दुसरे लकडगंजचे एक लाकडाचे व्यापारी. सागवानाच्या ओंडक्यांचे फोटो त्यांनी काढले. गिऱ्हाइकाला उन्हात वखारीत हिंडवण्यापेक्षा कूलरसमोर बसवून माल दाखवू म्हणाले. पहिला शो मीच चालवला आणि एकही चित्र अडकलं नाही. गिऱ्हाईक छत्तीसही ओंडके शांतपणे पाहून उठलं आणि वखारीत गेलं. व्यापाऱ्यांनी मशीन माझ्या दुकानात आणून ठेवलं. "भाऊ, मशीन बेस हाय. पन लाकूड लोक नाकानं घेतेत. वास येत नाही ना गा याच्यात." ते मशीन न्यायला ते पुन्हा आले नाहीत. बोलावणी पाठवली तर म्हणाले, राहू द्या तुमच्यापाशीच.

शो चालवायचा म्हणजे सगळ्यांच्या मागे उभं राहायचं. पुढे लोक हसतात, एकमेकांना कोपर मारतात, आणि आपलं लक्ष दांडीवर. शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठितांची डोकी मला मागून ओळखता येतात. चेहऱ्यानं ते भेटले तर मी ओळखेन असं नाही.

आता त्या डब्याबद्दल. त्या काळी चांगली टेप मिळणं सोपं नव्हतं. निवेदनं करणारे लोक शिकाऊ असायचे. मधेच विसरायचे, कागद शोधायचे, पाणी प्यायचे. टेप साफ करायला आली की मी या रिकाम्या जागा कापून काढायचो. पितळी कात्री घ्यायची, कारण लोखंडाच्या कात्रीत चुंबक शिरलं तर सांध्यावर टक् असा आवाज येतो. तिरपा छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. माझा सांधा कानाला कळायचा नाही. कापलेला कोरा तुकडा बोटाभोवती गुंडाळून बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात टाकायचो. टेपच्या सुरुवातीला असा तीन-चार हात कोरा भाग जोडावा लागतो, म्हणजे मशीनमध्ये ओवताना बोलणं असलेला भाग खराब होत नाही. त्याला हे तुकडे कामी यायचे. डब्यात असे शंभरावर तुकडे असतील.

कापताना मी बोलणं ऐकायचो नाही, हे कबूल करायला हवं. मशीनवर आवाजाचा एक काटा असतो. माणूस बोलला की तो हलतो, गप्प झाला की पडतो. मी काटा पाहायचो. काटा पडला की कात्री.

एका उन्हाळ्यात विमलबाई रामटेके जिना चढून आल्या. वय पंचावन्नच्या पुढेमागे, खांद्यावर कापडी पिशवी. दाराशी न थांबता आत येऊन स्टुलावर बसल्या, हे मला अजून आठवतं, कारण तसं कोणी करत नसे.

"चित्र अडकते, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् आवाजबी मधीच ओढल्यावानी येते."

"कोनाचा आवाज हाय, बाई?"

"ह्यायचा. मागच्या साली गेले." आणि मग, "रविवारच्या आत देता? रविवारी लागते मले."

काहून लागते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

त्यांचे यजमान खनिजांचा शोध घेणाऱ्या एका ऑफिसात सर्वेअर होते. चांद्याच्या जंगलात, बालाघाटच्या बाजूला, वर्षातले आठ-नऊ महिने तंबूत. ऑफिस त्यांना दगडांचे फोटो काढायला रंगीत फिल्म द्यायचं. रोल संपताना शेवटी एखाददुसरा फोटो उरला की तो ते स्वतःसाठी काढायचे. अशा बारा वर्षांच्या उरलेल्या फोटोंच्या या छत्तीस स्लाइडी. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यापुढे फक्त छत्तीस वाकलेले पुठ्ठे होते.

काम मी मन लावून केलं. सगळी चित्रं पुठ्ठ्यातून काढली, ब्रशनं धूळ झटकली, प्लास्टिकच्या पातळ चौकटींत बसवली. प्रत्येकीच्या कोपऱ्याला लाल ठिपका लावला, म्हणजे अंधारातही उलटी लागायची नाही. टेपरेकॉर्डरचं रबरी चाक मळानं गुळगुळीत झालं होतं, म्हणून आवाज ओढला जात होता. ते स्पिरिटनं पुसलं. मग टेप चालवली आणि काटा पाहत बसलो. काटा दर थोड्या वेळानं पडत होता, आणि पडला की बराच वेळ उठत नव्हता. नऊ जागा होत्या. मला वाटलं, बिचारे साहेब, बोलता बोलता विसरत असतील. मी नऊही जागा कापल्या, नऊ तुकडे डब्यात टाकले. शो चालवून पाहिला तर गुळगुळीत. स्वतःवरच खूश झालो आणि रविवारी दुपारी सगळं घेऊन नागपुरातल्याच इंदोऱ्याला त्यांच्या घरी स्वतः पोचवायला गेलो. तशी माझी पद्धत नव्हती. पण काम इतकं नामी झालं होतं की कोणीतरी ते पाहून 'वा' म्हणावं असं वाटत होतं.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, खिडक्या लावून घेतलेल्या, वर पंखा. मशीनजवळ हाताची एक लाकडी खुर्ची होती. मी बसायला गेलो तर त्या पटकन म्हणाल्या, "तिच्यात नका, भाऊ." मी खाटेवर बसलो. त्या खाली बसल्या आणि दांडीवर हात ठेवला.

टेपवर रामटेकेसाहेबांचा आवाज आला. संथ, जरा बसका. "हा बालाघाटकडचा डोंगर. इथं दोन महिने पाऊस उघडला नाही. डाक बंद होती. हं."

विमलबाईंनी तोंड उघडलं. "त्याच पावसात आपली मांगची भित—"

टिंग.

त्यांचा हात सवयीनं हलला, चित्र बदललं. साहेब दुसऱ्याच एका नदीबद्दल बोलू लागले. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. पुढच्या 'हं'ला त्यांनी पुन्हा घाईघाईनं सुरुवात केली आणि पुन्हा टिंग वाजलं. तिसऱ्या वेळी त्या बोलल्याच नाहीत. दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. टेप पुढे चालू राहिली, चित्र तेच राहिलं. मला वाटलं मशीन अडकलं, म्हणून मी उठलो.

"बंद करा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माही जागा कुठी गेली?"

मला काही समजेना. त्यांनी सांगितलं तेव्हा समजलं. "बारा वर्स ते तिकडं जंगलात अन् मी इकडं पोरीले घेऊन. रिटायर होऊन आले, तं दोघायलेबी काय बोलाव समजे ना. सवयच नवती ना भाऊ. मंग गळ्याचं दुखनं निघालं. डाक्टर म्हने, आपरेशन केलं का आवाज जाईन. तवा ह्यायनं हे बोलून ठेवलं. म्हने, मी तिकडचं सांगतो, तू इकडचं सांग. 'हं' म्हनून ते टेपवर गप बसले, अन् टेप लावली का त्या जागी मी सांगो. आवाज गेल्यावर दर रविवारी आमी हेच लावो. ते ह्या खुर्चीत बसाचे अन् ऐकाचे." खुर्चीकडे बघून म्हणाल्या, "ते गेल्यावरबी मी लावतोच."

मी कापलेल्या त्या नऊ जागा विमलबाईंच्या बोलण्याच्या होत्या. मेलेल्या माणसाशी आठवड्यातून एकदा बोलायची त्यांची तेवढीच सोय होती आणि ती मी मोडली होती. मला इतकी लाज वाटली की बूट घालताना नाडी बांधायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. नऊ ठिकाणी नवी कोरी टेप जोडली आणि घेऊन गेलो. त्यांनी ऐकलं. पहिल्या 'हं'नंतर नुसता बारीक फसफस आवाज येत होता. त्या बोलल्या नाहीत. मान हलवून म्हणाल्या, "भाऊ, ह्याच्यात ते नाही हायत."

"बाई, कोरी टेप कोरीच असते."

"नाही. त्याच्यात पंखा होता. अन् ते होते. मी बोलून राहिली का ते श्वास घेऊन राहिले, हे मले ऐकू ये." हे त्यांनी न चिडता सांगितलं. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मी तो डबा उघडला. शंभरावर तुकडे, रंग एकच, कोणावर काही लिहिलेलं नाही. एकेक तुकडा कोऱ्या टेपला तात्पुरता जोडायचा, आवाज पूर्ण मोठा करायचा आणि कान लावायचा. तीन आठवडे दुपारी मी दुसरं काम घेतलं नाही. आजवर ज्या टेपा मी काट्याकडे पाहून कोऱ्या ठरवल्या होत्या, त्यातली एकही कोरी निघाली नाही. एकीत कोणीतरी कागद उलटत होतं. एकीत कोणी घोटभर पाणी पिऊन भांडं खाली ठेवत होतं. एकीत एका लहान मुलीला कोणीतरी 'शू' म्हणत होतं. दूरवरचा गिरणीचा भोंगा, पारवे, कुकरची शिट्टी. या सगळ्या घरांत मी मशीन पोचवली होती, पण त्या घरांत माणसं कशी गप्प बसतात हे मला ठाऊक नव्हतं. एक तुकडा निघाला, त्यात फक्त टेबलावरच्या घड्याळाची टिकटिक होती. बराच वेळ ऐकल्यावर ओळखलं की ते माझंच घड्याळ. कधीतरी मशीन तपासताना मी स्वतःच्या दुकानाचा आवाज घेतला असणार. त्यात घड्याळाखेरीज काही नव्हतं. तो तुकडा मी चार-पाच वेळा लावला आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद करून नुसता रस्त्यावर हिंडलो.

रामटेकेसाहेबांचा पहिला तुकडा सहाव्या दिवशी सापडला. पंखा फिरताना दर फेऱ्याला खट् करत होता आणि त्यामागे श्वास होता, शेवटाला बारीक शीळ असलेला. दुखऱ्या गळ्याचा श्वास. एकदा ती शीळ कानात बसल्यावर बाकीचे ओळखू यायला लागले. आठ तुकडे सापडले, नववा मिळेना. आणि या आठांतला कुठला कुठे लावायचा, हाही प्रश्न होताच.

त्यावर विमलबाईंनीच उपाय काढला. "मले तं पाठ हाय. मी बोलतो, तुमी घड्याळ लावा."

एका दुपारी त्या दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. मी स्टॉपवॉच घेतलं. टेप सेकंदाला पावणेचार इंच सरकते, म्हणजे बोलायला किती सेकंद लागतात हे कळलं की तुकड्याची लांबी कळते. त्यांनी डोळे मिटले आणि समोरच्या खिडकीवरच्या काळ्या कापडाला सांगू लागल्या.

"त्याच पावसात आपली मांगची भित पडली. पोरीले घेऊन मी शेजारच्या छपरीत निजली. तुमाले लिवलं नाही, कारन तुमी सुट्टी टाकली असती." सतरा सेकंद.

"पोरीले गोवर निघाला होता. नऊ दिवस मी तिच्यापासून उठली नाही." एवढंच वाक्य, पण मध्ये त्या खूप थांबल्या. एकोणीस सेकंद, म्हणजे जवळजवळ सहा फूट.

"मी मोठ्या बायायच्या शाळेत नाव टाकलं. हे पत्र तुमचं मी सोता वाचलं, पयल्यांदा. 'खुशाल' कसं लिवतेत ते मले मालूम नवतं, तरी समजलं." बावीस.

अशा आठ. मी आकडे लिहीत होतो आणि पट्टीवर तुकडे मोजत होतो. दोघांत अर्ध्या सेकंदाचाही फरक पडत नव्हता. त्या एक शब्दही इकडचा तिकडे करत नव्हत्या. इतकी वर्षं मी लोकांचे आवाज नीट करत होतो, पण कोणी बोलत असताना मी इतकं लक्ष देऊन कधी ऐकलं नव्हतं. नवव्याला त्यांनी डोळे उघडले. "ह्याचं नाही सांगत. तुमी अठरा सेकंद धरा."

नववा तुकडा कुठे गेला असेल, हे मला आठवत नव्हतं अशातला भाग नाही. आठवायची भीती वाटत होती. मी त्या नऊ जागा कापल्या त्या आठवड्यात डब्यातून एकच तुकडा बाहेर गेला होता. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं कामगारांना मशीनजवळ काळजी कशी घ्यायची ते दाखवणारा स्लाइड शो केला होता. त्यांच्या टेपच्या सुरुवातीला मी एक कोरा तुकडा जोडून दिला होता.

मी एसटीनं कळमेश्वर गाठलं. तिथल्या प्रशिक्षण अधिकाऱ्यानं चहा मागवला. "तुमच्या टेपचा पहिला सहा फुटांचा तुकडा मला परत हवा आहे," असं सांगितल्यावर तो माझ्याकडे जरा जपूनच पाहू लागला. तरी भला माणूस, टेप काढून लावली. पंख्याच्या जागी, श्वासाच्या जागी त्याचाच खणखणीत आवाज आला, "सर्व कामगार बंधूंचं मी मनःपूर्वक स्वागत करतो."

"सुरुवातीले रिकामी जागा दिसली," तो खुशीत म्हणाला. "म्हटलं, वाया काहून घालवाची?"

मी चहा संपवला आणि परतीच्या बसला उभ्यानं आलो, जागा रिकामी असूनही.

विमलबाईंना खरं ते सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "पंखा तं तोच हाय ना भाऊ? खुर्चीबी तीच हाय."

पुढच्या रविवारी दुपारी मी दोन टेपरेकॉर्डर घेऊन इंदोऱ्याला गेलो. एकावर साहेबांची टेप, दुसऱ्यावर कोरी. "तुमी बसा त्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "कोनी तरी बसलेलं पाह्यजे." मी बसलो. हातांवर लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं होतं. मी त्यांना बजावलं, "बाई, अठरा सेकंद आवाज नाही करायचा. अजिबात." त्यांनी मान हलवली, पण म्हणाल्या, "आधी त्यायचं वाक्य ऐकू द्या. नाही तं मले ते तसं वाटनार नाही."

मी पहिलं मशीन लावलं. भिंतीवर चित्र होतं तंबूच्या खांबाला टांगलेल्या एका लहान आरशाचं. आरशात कॅमेरा धरलेला माणूस, चेहरा निम्मा झाकलेला. साहेब म्हणाले, "हा मी. तिथं मले कोनी बोलाले नव्हतं. हं."

मी ते मशीन थांबवलं आणि दुसऱ्याची कळ दाबली. पंखा खट् खट् करत होता. मी श्वास घेत होतो आणि तो टेपवर उतरतोय याची मला जाणीव होती. दहा सेकंद गेली. अकरावं गेलं. आणि विमलबाई, खाली बसलेल्या, भिंतीवरच्या आरशाकडे पाहत, अगदी हळू म्हणाल्या,

"मले बी नव्हतं."

लगेच त्यांनी तोंडावर हात धरला. मी हललो नाही. अठरा सेकंद पुरी झाल्यावर मशीन बंद केलं.

"सवय हाय ना," त्या म्हणाल्या. "आपोआप निंगालं. पुसता येते का?"

"येते. सांगा तुमी."

त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. घरात सासू होती, दीर होते, मुलगी होती, शेजार होता, हे सगळं मी त्यांच्या आठ उत्तरांतून ऐकलं होतं. तरीही हे नववं उत्तर होतं, आणि ते त्यांनी नवऱ्याखेरीज कोणाला ऐकू दिलं नव्हतं. आता मी ऐकलं होतं.

"राहू द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या जागी मी ऐकत जाईन आता."

नववा तुकडा मी तिथेच बसून जोडला. सांधा कानाला कळत नव्हता. त्यांनी 'वा' म्हटलं नाही, पण जाताना दारापर्यंत आल्या. त्यानंतर वर्षातून एकदा मी चाक पुसायला जायचो. रविवारी कधी गेलो नाही.

विमलबाई जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची लेक भिलाईला असते. ती ट्रे आणि टेप माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "काका, आमच्याकडे हे चालवाले मशीन नाही. फेकवत बी नाही." मी ठेवून घेतलं. दुकान गेल्या महिन्यात बंद केलं. स्लाइडी घेऊन कोणी येईनासं झालं होतं. सामान विकलं. बिस्किटांचा डबा विकत कोण घेणार, तो घरी आणला. लकडगंजचं मशीन आणि एक टेपरेकॉर्डरही घरीच आहे.

रविवारी दुपारी मी खिडकीला चादर लावतो आणि त्या मशीनवर विमलबाईंचा ट्रे चढवून साहेबांची टेप लावून बसतो. पहिल्या आठ 'हं'नंतर मी काही बोलत नाही. त्या जागा विमलबाईंच्या आहेत आणि त्यांची उत्तरं मला पाठ असली तरी ती माझ्या तोंडी शोभणार नाहीत. पंखा वाजतो, साहेब श्वास घेतात, मी वाट पाहतो. नवव्याला त्या बोलतात. "मले बी नव्हतं." त्यानंतर सहा-सात सेकंद उरतात. त्यांत साहेब नाहीत. त्यांच्या खुर्चीत बसलेला मी आहे, माझा श्वास आहे, आणि त्या काही म्हणत नाहीत.

गेल्या रविवारी त्या सेकंदांत मी बोललो. "बाई, दुकान बंद केलं मी," एवढंच म्हटलं.

टिंग वाजलं. मी दांडी ओढली. शेवटचं चित्र आलं. इंदोऱ्याच्या घराच्या दारात तरुण विमलबाई, उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून, रस्त्यानं कोणी येतंय का ते पाहत उभ्या. चित्र अडकलं नाही.